औषध नसलेली गोळी

शाळेतून निवृत्त झाल्यावर बडोद्यातल्या एका खासगी इस्पितळाच्या नैतिकता समितीवर मला घेतलं. माणसांवर नवं औषध तपासायचं तर आधी या समितीची परवानगी लागे, आणि तिच्यात डॉक्टर नसलेलं एक तरी साधं माणूस हवं, असा नियम होता. परदेशी कंपन्यांची औषधं तपासणीसाठी आपल्याकडे येऊ लागली, त्या वर्षांतली ही गोष्ट.

दम्याच्या गोळीचा प्रस्ताव आला. निम्म्या रुग्णांना नवी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. रोजचा पंप मात्र सगळ्यांचाच बंद.

"ज्यांना काहीच मिळणार नाही, त्यांचं काय?" मी विचारलं.

"बेन, धाप लागली तर घ्यायला वेगळा पंप देतोच आहोत," प्रमुख डॉक्टर म्हणाले. माझा विरोध नोंदवला गेला आणि प्रस्ताव मंजूर झाला.

दिवाळीनंतर हवा बदलली आणि एक रुग्ण दगावला. बडोद्याजवळच्या बाजव्याचे मराठी गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त झालेले. घरच्यांशी बोलायला समितीने मला पाठवलं.

त्यांच्या पत्नीने पाणी दिलं आणि समोर बसल्या. "मी म्हणत होते, धाप लागलीय, तो पंप घ्या. तर म्हणाले, थोडं सोसतो. सारखा पंप घेतला तर डॉक्टरांना गोळीचा गुण कळणार कसा? इतकं आपुलकीनं विचारतात बिचारे." मग म्हणाल्या, "ताई, यांना खरी गोळी होती की दुसरी?"

"अजून कोणालाच माहीत नाही. कळलं की मी सांगेन."

त्यांना कुठली गोळी होती, ही माहिती समितीने उघडायला लावली. गोळीत औषध नव्हतं. कंपनीने कळवलं, मृत्यूचा औषधाशी संबंध नाही.

"बरोबरच आहे," एक सदस्य म्हणाले. "औषध पोटात गेलंच नव्हतं."

"आणि रोजचा पंप बंद केला, त्याचं काय?" मी म्हटलं. 'संबंध नाही' हा कंपनीचा शेरा तसाच राहिला. उरलेल्या रुग्णांचे पंप तेवढे पुन्हा सुरू करायचं ठरलं.

मी बाजव्याला गेले तेव्हा बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं.

"पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, छाती हलकी वाटतेय. आपल्याला खरीच मिळालीय."

त्या उठल्या आणि आतून आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या.

"आणि ह्या?"

"ह्या खऱ्याच आहेत हो. घेत जा, चुकवू नका."

त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि शेंगांच्या टरफलांशेजारी ठेवून दिली.

होळीच्या सुमारास पुन्हा गेले. दार मुलाने उघडलं. बाईंचं एक अंग लुळं पडलं होतं.

"किती विनवलं," तो म्हणाला, "पण आई कुठलीच गोळी घेईना."