आप्पांचा रविवारचा अभ्यास

मी निघाले त्या दुपारी शीळफाट्यावर आमची टॅक्सी पाऊण तास अडकली होती. मागे मी आणि एक बॅग, पुढे ड्रायव्हरशेजारी माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि आप्पांच्या मांडीवर माझं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक. पुस्तकाला त्यांनीच वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. बाकीच्यांचे वडील अशा वेळी पासपोर्ट घेतलास का विचारतात, डोळे पुसतात. आमचे आप्पा मागे वळून म्हणाले, "पान एकशे बारा. 'राइट'ची तीन रूपं सांग."

"आप्पा, परीक्षा झाली माझी. पास झालेय. व्हिसापण आलाय."

"म्हणून विसरायचं होय? सांग."

मी सांगितली. त्यांनी पुस्तकाच्या शेवटच्या पानांत बोट घालून उत्तर जुळवून बघितलं आणि मान डोलावली. ड्रायव्हर हसायला लागला, "काका, मॅडमला आता तरी सोडा!" विमानतळाच्या दाराशी मी पुस्तकासाठी हात पुढे केला, तर त्यांनी ते काखेत घट्ट धरलं. "हे राहू दे इथंच. तिकडं सगळे इंग्रजच आहेत की. अडलं तर विचार कुणालाही." आणि माझ्याकडे न बघता टॅक्सीत जाऊन बसले.

आम्ही मोहन्याचे. म्हणजे आप्पा मूळचे साताऱ्याकडचे, पण रेयॉनच्या कारखान्यात लागले आणि कारखाना बंद पडल्यावरही तिथल्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहिले. मी मराठी शाळेतली, कल्याणात नर्सिंग केलेली. इंग्लंडात नर्स व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या लेखी पेपरात मी दोनदा आपटले. मग डोंबिवलीला क्लास लावला. तिथले सर म्हणाले, रोज एक पान सोडवा आणि घरी कोणाकडून तरी तपासून घ्या. घरी कोण होतं? आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. उरले आप्पा. शिक्षण सातवी, आणि इंग्रजी म्हणजे मशीनवरच्या पाट्या बघून ओळखीची झालेली अक्षरं.

पण आप्पा तपासायला बसले आणि त्यांनी स्वतःची पद्धत काढली. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती. एक बोट उत्तरावर, दुसरं माझ्या वहीवर, आणि अक्षर न् अक्षर जुळवत जायचं. जुळलं की लाल पेनाने बरोबरची खूण. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गोल, आणि ते वाक्य तीनदा लिहायचं. मी वैतागायचे. म्हणायचे, "आप्पा, अर्थ तोच होतो हो!" ते शांतपणे सांगायचे, "अर्थ मला कळत नाही. अक्षरं कळतात. लिही तीनदा." पानाच्या तळाशी चौकोन काढून दहापैकी मार्क द्यायचे. तिसऱ्या खेपेला मी पास झाले त्याचं श्रेय सरांनी खुशाल घ्यावं, मी मात्र पेढा आप्पांना आधी दिला.

इथे आल्यावर पहिले काही महिने मी नुसती रडत होते. चार वाजता अंधार, वॉर्डात सगळे म्हातारे, आणि माझं नाव कोणालाच नीट म्हणता येईना, त्यामुळे सरसकट 'लव्ह', म्हणजे आपण 'बाळा' म्हणतो तसं. अशातच एका फोनवर आप्पा म्हणाले, "मीपण सुरू केलंय. पान एक."

"आता या वयात कशाला?"

"तू काय आता परत येत नाहीस. उद्या जावई कसला आणशील, काय नेम! नातवंडांशी मी काय खाणाखुणा करू?"

मग आमचा रिवाजच पडला. दर रविवारी सकाळी आप्पा दहा वाक्यं लिहायचे, खाली मार्कांचा चौकोन काढायचे आणि वहीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. मी फोनवरच बोटाने लाल खुणा करून मार्क भरून परत पाठवायचे, आणि आप्पा ते सगळं लाल पेनाने वहीत उतरवून घ्यायचे. चुकलेलं वाक्य तीनदा लिहायचा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. सुरुवातीला हा कावळा आहे, ती खुर्ची आहे, असं चाले. पुढे पुस्तकात कुठेतरी त्यांना एक 'ओल्ड मॅन' भेटला आणि त्यांनी त्याला सोडलाच नाही. म्हातारा नदीवर फिरायला जातो. म्हाताऱ्याला वांग्याची भाजी आवडत नाही. म्हाताऱ्याने मंदाकाकूंचा नळ दुरुस्त केला. मंदाकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या, आप्पांना भाजी आणून देणाऱ्या. मी ती वाक्यं वाचून बसमध्ये एकटीच हसायचे. फोन करून विचारायचे, मग म्हाताऱ्याने भाजी ठेवली कुठे? ते म्हणायचे, "कुत्र्याला घातली. पण मंदाला सांगू नकोस."

हे पहिल्या वर्षीचं. दुसऱ्या वर्षी मी जादा ड्यूट्या घ्यायला लागले, घर बदललं, गाडी शिकायला लागले. रविवारचा फोटो यायचा. मी तो ब्रेकमध्ये उघडायचे, चार मिनिटांत उरकायचे. इथे 'द' राहिला. इथे शेवटचा 'एस' नाही. आठ मार्क, नऊ मार्क, व्हेरी गुड आप्पा. मी वाचणं सोडलं होतं आणि तपासणं चालू ठेवलं होतं. अगदी त्यांच्याच पद्धतीने, नुसती अक्षरं बघत.

गेल्या थंडीत मंदाकाकूंचा फोन आला. आप्पा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. मी पोचले तोवर चुलतभावाने सगळं उरकलं होतं. खोलीत पाण्याची कळशी भरलेली होती, दोरीवर त्यांचा सदरा होता. मंदाकाकू माझ्या पाठीवरून हात फिरवत बोलत होत्या. "जिन्यात किती दम लागायचा गं त्यांना! मधेच बसायचे. मी म्हटलं, अहो, पोरीला सांगा ना, नर्स आहे ती. तर म्हणाले, सांगितलंय. दर रविवारी लिहून पाठवतो, ती तपासते. काही असतं तर बोलली असती."

मी वही काढली. वाक्यं इंग्रजीत आहेत, मी मराठीत सांगते. म्हातारा अर्ध्या जिन्यात थांबतो. नऊ मार्क. त्याच्या पुढच्या रविवारी, म्हाताऱ्याची चप्पल पायात जात नाही. इथे मी चपलेचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी, म्हातारा बसून झोपतो, कारण आडवं पडलं की श्वास पुरत नाही. हे वाक्य लांब होतं, अवघड होतं, आणि त्यात एकच चूक होती. मी लिहिलं होतं, व्हेरी गुड. त्याखाली आप्पांनी ते दुरुस्त करून, रेघ न सोडता, सुवाच्य अक्षरात तीनदा लिहून काढलं होतं. म्हातारा बसून झोपतो. म्हातारा बसून झोपतो. म्हातारा बसून झोपतो.

दम लागणं, पायांना सूज, बसून झोपणं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा हे ऐकून हृदय तपासायला पाठवेल. मी त्याला मार्क दिले.

फोनवर विचारलं की ते 'मजेत' म्हणायचे. व्हिडिओ कॉलला फोन इतका जवळ धरायचे की चष्मा आणि कपाळच दिसायचं. कारखाना बंद झाला तेव्हाही 'चालायचंच', आई गेली तेव्हाही 'चालायचंच'. मराठीत त्यांना कधी कुरकुर करता आली नाही. इंग्रजीत त्या म्हाताऱ्याच्या आडून त्यांना जमलं होतं. आणि त्यांना तरी काय ठाऊक, की मी वाचतच नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांनाही घरून काही ना काही येत असेल. गुलाबाचं फूल, देवाचा फोटो, कुंडीतल्या मिरचीचा फोटो. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. मी उपदेश करणार नाही, माझं तोंड नाही तेवढं. मी फक्त माझं सांगतेय. आता वॉर्डात एखादा म्हातारा 'आय ॲम फाइन, लव्ह' म्हणाला, तरी मी पांघरूण वर करून त्याचे पाय बघते. परक्यांचे पाय बघते, आणि कधी कधी औषधांच्या खोलीत जाऊन रडून घेते.

मोहन्याची खोली मी मालकाला परत दिली. घर कुठे असं कोणी विचारलं तर सवयीने अजून मोहनेच म्हणते, पण तिथे आता माझी चावी लागत नाही. पुस्तक आणि वही इकडे आणलीय. तेवढंच घर शिल्लक आहे. रविवारी सकाळी मी वही उघडते आणि लाल पेनाने, त्या वाक्यांच्या खाली, मराठीत उत्तरं लिहिते. चपलेच्या वाक्याखाली लिहिलंय, "कधीपासून, आप्पा? पाय दाबून बघा, खड्डा पडतो का?" झोपेच्या वाक्याखाली लिहिलंय, "आत्ताच्या आत्ता मंदाकाकूंना घेऊन डॉक्टरकडे जा. मी निघतेय."

शेवटच्या पानाचा फोटो मला आलाच नव्हता. त्यावर दोनच वाक्यं आहेत, आणि तळाशी आधीच काढून ठेवलेला चौकोन. म्हातारा आज फिरायला गेला नाही. म्हातारा उद्या जाईल.

मी ती पुन्हा पुन्हा तपासली. एकही चूक नाही. चौकोन रिकामाच ठेवून मी वही मिटते.