पेज न प्यायलेलं मडकं
नव्या मडक्यात पहिली पेज उकळू लागली की जो मातकट वास सुटतो, त्यानं मला विलायतेतली एक शनिवारची दुपार आठवते आणि मी गॅसपाशी एकटीच हसते. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. लंडनच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी नोकरीला होते आणि माझे साहेब पुण्याचे होते. माझा सुकटीचा डबा त्यांनी सगळ्यांदेखत दोन बोटांनी उचलून किचनबाहेर ठेवला होता. "अहो बाई, हा वास म्हणजे निव्वळ अश्मयुग!" सगळे हसले, मीही हसले, आणि तो अपमान जपून ठेवला. मग लोकांना बोलावून प्रयोग करून दाखवायचा म्युझियमचा ओपन डे आला. थंड प्रदेशातली शिकारी माणसं, शेती ठाऊक नसतानाही, मडकी घडवून त्यांत मासे कसे उकळत, हे साहेब स्वतः करून दाखवणार होते. त्यांनी कोरं मडकं थेट जाळावर चढवलं. आमच्या कोकणात नव्या मडक्याला आधी पेज पाजतात, नाहीतर ते पाझरतं, तडकतं. मी हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसले. फट्! सॅमनचं कोमट, तेलकट पाणी साहेबांच्या नव्या ब्लेझरवर! "तुम्हाला माहीत होतं?" ते ओरडले. "काय सर? अश्मयुग?" संध्याकाळी क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये त्यांच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी समोरच बसले होते, सुकटीचा डबा मांडीवर घेऊन. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. पश्चात्ताप मात्र अजून मुरतोय.