पस्तीस मिनिटांची बढाई

औरंगाबादच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. वाकडी रेघ मला खपत नसे, आणि ही खोड मी घरच्यांवरही चालवत असे. ऐंशी सालानंतर काही महिने तिथून नाशिकला एक छोटं विमान जायचं. एस.टी.ला अर्धा दिवस लागे. मी नकाशावर पट्टी ठेवून हवाई अंतर मोजलं आणि मोठ्या थाटात सायखेड्याला घरी कार्ड टाकलं: 'रविवारी दहाला विमानाने निघतोय. पस्तीस मिनिटांत नाशिक. आपल्या घरावरूनच जाईल, बघा.'

वडिलांचं आणि माझं फारसं बोलणं नव्हतं. मला आणायला ते कधी गावातल्या एस.टी. थांब्यावरही आले नव्हते. खरं सांगायचं तर ही सगळी ऐट त्यांच्यासाठीच होती. एकदा मान वर करून त्यांनी बघावं, एवढंच.

विमान वेळेवर निघालं. गोदावरीचं वळण दिसलं, मागोमाग आमच्या घराचा पत्रा चमकला. नाशिकला उतरलो तेव्हा बरोबर पस्तीस मिनिटं झाली होती. मी स्वतःवर जाम खूश होतो.

ती खुशी विमानतळाच्या फाटकापर्यंतच टिकली. बाहेर रिक्षा नाही. कसाबसा स्टँडवर पोचलो, तर सायखेड्याची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची आलीच नाही. गाडीत बसायला मिळालं तेव्हा दोन वाजून गेले होते. नाशिक ते सायखेडा हे अंतर मी नकाशावर मोजलंच नव्हतं.

सायखेड्याच्या अलीकडे चांदोरीला गाडी थांबली आणि खिडकीतून वडील दिसले. सायकल बांधाला टेकवलेली, पायात चपला नाहीत. ऊस तोडणाऱ्या माणसांना हातवारे करून ते काहीतरी विचारत होते. मी खाली उडी टाकली. जवळ गेल्यावर शब्द कानावर आले.

"इमान पडलं का वो हिकडं? माझा पोरगा हाय त्यात."

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. घरावरून विमान खाली खाली जाताना सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. पस्तीस मिनिटांत येणारा माणूस दुपार झाली तरी आला नाही. कुणीतरी म्हणालं, चांदोरीच्या अंगाला गेलं खाली. आईने पुरण तसंच चुलीवरून उतरवलं, आणि वडील सायकल काढून निघाले. तेव्हापासून ते शेतामागून शेत धुंडत होते.

"आबा," मी हाक मारली.

ते वळले. पुढे येऊन त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

"किती मिन्टं म्हनला व्हता?"

"पस्तीस," मी मान खाली घालून म्हणालो.

"बस मागं."

मी कॅरियरवर बसलो. घर येईपर्यंत ते मधूनच एक हात मागे आणून, मी आहे ना, हे चाचपत होते.