दुखवट्याचा पटका

सोनपेठच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली आणि मी खिडकीजवळची जागा धरून बसलो. पिशवीत दोन धपाटे, पाण्याची बाटली. डोकं उघडं. डोक्याच्या मधोमध लिंबाएवढी जखम, आणि डाव्या कानाच्या वरच्या काठावर दोन वर्षांपासूनची एक खपली. निघायची, परत धरायची.

मी चौथी शिकलेला माणूस. प्रवास लिहिणारे काशी-रामेश्वराचा लिहितात. मी सोनपेठहून परभणी, तिथून बोरी आणि परत, एवढाच फिरलो. पण गावात उघड्या डोक्याने रानात जाणारे लय आहेत. त्यांनी वाचावं म्हणून लिहितो.

आधी मागची हकीकत सांगतो. गया माझी बायको. मिसरी लावायची. तोंडात जखम झाली. मी म्हणालो, तुरी निघाल्या की जाऊ. मग म्हणालो, हरभरा निघाला की जाऊ. गेलो तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता लेकाशीच बोलला. त्यावरूनच कळलं. चैत्रात गया गेली.

दहाव्याला मी मुंडण केलं. तेरवीला तिच्या माहेरचे दुखवटा (सुतक फिटल्यावर सोयऱ्यांनी करायचा कपडेलत्ता) घेऊन आले. आमच्याकडे रीत आहे, बायकोच्या भावाने चार लोकांत नवा पटका बांधायचा, मग माणसाने परत रानात जायचं. पटका बांधायला दोघं लागतात. कापड लांब असतं. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने पीळ भरायचा. माझं दुसरं टोक चाळीस वर्षं गयानेच धरलं, चुलीवर दूध उतू जात असलं तरी. तिच्या भावाने, ज्ञानोबाने, पटका पुढे केला आणि मी त्याचा हात बाजूला सारला. "मला नको. घेऊन जा," असं सगळ्यांसमोर म्हणालो. ज्ञानोबा ताटावरून उठला आणि पटका घेऊन बोरीला निघून गेला.

तुळतुळीत डोकं घेऊन मी वैशाखात कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या. तिसऱ्या दिवशी डोक्यावर फोड आले, कातडी पापुद्र्यासारखी निघाली. मी म्हणालो, पायाच्या भेगांना बिब्बा चालतो तर डोक्याला का चालणार नाही? सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल लावलं, आरशाशिवाय. तेल ओघळून कानापर्यंत गेलं. जखम वाढली म्हणून परत लावलं.

लेक बालाजी म्हणाला, "आबा, पेरणी झाली की जाऊ परभणीला."

तो शब्द कानात गेला आणि मी धपाटे बांधायला सांगितले.

गाडीत शेजारी एक मेंढ्या राखणारी बाई बसली. खिडकीतून ऊन आत आलं तशी तिने छत्री उघडली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडीला छत हाय की."

"छत वर हाय, ऊन बाजूनं यायलंय. तुझ्या बापाला सांग छत बाजूला लावायला."

गाडी हसली. मग तिची नजर माझ्या डोक्यावर गेली.

"बिब्बा लावलाव ना?"

"तुला काय ठावं?"

"काळं पडलंय कडंनं. आमी मेंढरं बी भर उन्हात कातरत न्हाई, बाबा. पाठ भाजती. तुमाला कुनी कातरलं एवढ्या उन्हाचं?"

"बायको गेली."

तिने छत्री माझ्या बाजूला कलती केली आणि स्वतः उन्हात बसली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "गप बसा."

गंगाखेडच्या पुढे पूल आला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पात्र पांढरं पडलं होतं, मधून एक धार. गयाची राख तिथंच सोडली. सगळी गाडी पाण्याकडे बघत होती, मी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत राहिलो.

परभणीत उतरलो तर डांबर चपलेला चिकटत होतं. स्टँडजवळ भजे दिसले, खावेसे वाटले नाहीत. पोटात भीती असली की तिथं दुसरं काही मावत नाही. खरं सांगतो, मला डोक्याची भीती नव्हती, कानाची होती. गयाची जखमही अशीच होती. दुखायची नाही, बरी व्हायची नाही.

कातड्याच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई निघाल्या. भिंग लावून डोकं बघितलं.

"बाबा, हे उन्हाचं नाही राहिलं. उन्हाचं पंधरा दिवसांत बरं झालं असतं. बिब्बा किती वेळा लावला?"

"तीनदा. बरं होईना म्हणून."

"लावत होता म्हणून बरं होईना."

मग कान बघितला. भिंग काढलं, परत लावलं. मग माझ्यासोबत कोण आलंय म्हणून दाराकडे बघितलं. ते दुसरीकडे बघणं मी एकदा बघितलेलं होतं.

मी म्हणालो, "बोला. लेक न्हाई आलेला. माझ्याकडं बघून बोला."

त्यांनी स्टूल ओढलं, समोर बसल्या आणि माझ्याकडे बघून बोलल्या. "डोक्यावर तुमचा पटका असणार, कान साठ वर्षं उन्हात राहिले. बहुतेक त्या उन्हानंच कातडी खराब झाली आहे. पण बहुतेक म्हणून मी सोडून देणार नाही. तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवते. आठ दिवसांनी या."

"तुकडा कवा काढता?"

"आत्ता."

आत्ता हा शब्द मला लय बरा वाटला. सुई टोचली, कान बधिर झाला, पट्टी बांधली. बिब्बा फेकून द्यायचा, जखमेला फक्त लिहून दिलेलं मलम, डोक्याला स्वच्छ सुती कापड, कान झाकले पाहिजेत, दहाच्या आत रानातून सावलीला यायचं, असं सगळं सांगितलं. वर नाकाला आणि हाताला लावायला एक क्रीम.

"हे पोरींचं क्रीम हाय की, ताई. माझं लग्न जमवायलाव का?"

त्या हसल्या. मीही हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसल्यावर जीवाला लागलं, पण हसलो.

स्टँडवर आलो. सोनपेठच्या गाडीला वेळ होता. समोर जिंतूरची गाडी उभी होती. ती बोरीवरून जाते. सुती कापड दुकानात लय मिळतं, पण माझं कापड बोरीत होतं. चढलो. झरीच्या पुढे काळी रानं नांगरून, कुळवाची पाळी घालून तयार. सगळी माणसं आभाळाकडे बघत होती. मला त्या गाडीत लाज वाटत होती. ज्ञानोबा दारात उभं करील का, एवढंच मनात.

बोरीत ज्ञानोबा घरासमोर लिंबाखाली पेरणीची तिफण ठोकत बसला होता. मला बघून हातोडा थांबला. पट्टी बघितली.

"दाजी? कान कुनी तोडला?"

"परभणीच्या एका बाईनं."

"आमच्या अक्कानं चाळीस वर्षं तोडला न्हाई, हिनं एका दिवसात तोडला व्हय?"

"तुझी अक्का गरीब होती."

"गरीब? अक्का?" तो म्हणाला आणि खाली बघून परत हातोडा मारायला लागला. पण मार खिळ्यावर बसेना.

मी उभाच. विचारलं, "ज्ञानोबा, माझा पटका हाय का?"

"कुठला?"

"तू आणलेला."

"तुमीच म्हनलाव ना, घेऊन जा?"

"म्हनलो. चुकलं माझं."

त्याची बायको शांता दारातूनच ऐकत होती. ती आत गेली आणि पटका घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती. ज्ञानोबा म्हणाला, "दुखवट्याचा पटका दुसऱ्याच्या डोक्याला चालत न्हाई. दोन म्हैने खुंटीवर हाय. येता-जाता माझ्या तोंडाला लागायलाय." मग उठला, हात धुतले आणि कापडाचं एक टोक धरलं. "भरा पीळ."

"नीट धर. पोतं धरल्यासारखं काय धरायलास?"

"तुमी भरा की."

पीळ भरला. टोक सोडायच्या आधी ज्ञानोबाने हलकासा झटका दिला. मी थांबलो. गया तसाच झटका द्यायची, रोज. त्याने पीळ बसतो.

"हे कुठं शिकलास?"

"आमच्या बापाचं टोक आमी दोघं धरायचो. अक्कानंच शिकवलं."

चाळीस वर्षं मला वाटत होतं, ती घाई असायची म्हणून हिसका देते.

त्याने पटका बांधला. एक वेढा कानावरून घेतला. शांता म्हणाली, "नवरीवानी दिसायलाव, दाजी." जेवायला येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी), भाकरी, कांदा. ज्ञानोबा आधी माझ्या ताटाकडे बघत होता. मी पहिला घास खाल्ल्यावर त्याने खाल्ला. तेरवीचं राहिलेलं जेवण आम्ही त्या दिवशी जेवलो.

बालाजीला निरोप धाडला आणि आठ दिवस तिथंच राहिलो. त्याच्या तिफणीला दोरखंड वळून दिलं, उन्हं वर यायच्या आत लिंबाखाली परत. डोक्याची जखम कडेने भरत आली. शेजारची एक म्हातारी रोज यायची आणि म्हणायची, बिब्ब्यासारखं औषध न्हाई. मी रोज पटका काढून डोकं दाखवायचो. पाचव्या दिवशी म्हणाली, "झाका ते."

आठव्या दिवशी परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, आणि आधी माझ्याकडे बघितलं.

"वाईट काही नाही, बाबा. उन्हानं बिघडलेली कातडी आहे. पण तशीच सोडली असती तर पुढे वाईट होऊ शकलं असतं. वेळेत आलात. हे मलम लावा, तीन महिन्यांनी दाखवा."

"तीन म्हैन्यांनी मूग निघतो."

"बाबा!"

"येतो. मूग राहू द्या रानात."

बाहेर येऊन भजे खाल्ले. दोन प्लेट.

परतीच्या गाडीत मी सावलीच्या बाजूला बसलो. गंगेचा पूल आला तेव्हा या खेपेला पाण्याकडे बघितलं. मनात म्हणालो, गया, मी गेलो वेळेत. तुला नेलं नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही घेऊनच आता मला रानात जायचं आहे. ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडतं. अंगावर न भरणारी जखम असेल तर पीक निघायची वाट बघू नका. पीक दरसाल निघतं.

मी नव्हतो तेव्हा गावाकडे पाऊस पडून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी तिफण घेऊन निघाला होता. मी पटका काढला आणि हाक मारली.

"टोक धर."

"आबा, बैलं जुपलीत. पेरणी झाली की..."

"पेरणी थांबंल. टोक धर."

त्याने धरलं. मी पीळ भरला. त्याने तसंच सोडून दिलं, पीळ उलगडला. मी परत टोक त्याच्या हातात दिलं आणि त्याला झटका कसा द्यायचा ते दाखवलं.