बोटाला न लागणारा डाग

गेल्या महिन्यात आमच्या धंद्यातल्या मंडळींनी माझा सत्कार केला. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि दोन वक्ते माझ्याविषयी बोलले. दोघांनीही उस्मानपुऱ्यातल्या माझ्या शेडचा आणि मला मोटारीच्या रंगाचे काम शिकवणाऱ्या उस्तादांचा उल्लेख केला, आणि दोघांनीही चुकीचे सांगितले. पहिल्याच्या म्हणण्याप्रमाणे उस्तादांच्या हातून एका वकिलाची काळी गाडी बिघडली, म्हणून मला नाइलाजाने त्यांचे काम थांबवावे लागले. दुसरा अधिक सभ्य होता. उस्तादांची दृष्टी गेल्याचे ध्यानात येताच मी गाजावाजा न करता त्यांना सन्मानाने घरी पाठवले, असे तो म्हणाला. टाळ्या वाजल्या. तिसऱ्या रांगेत उस्तादांचा थोरला मुलगा बसला होता, त्यानेही वाजवल्या.

या वयात मला खोटी निंदा सोसते. खोटी स्तुती मात्र घशाखाली उतरत नाही. उस्तादांनी ती गाडी बिघडवली नव्हती, आणि मी त्यांना सन्मानाने घरी पाठवले नव्हते. मी चार माणसांसमोर त्यांचा उस्तादपणा काढून घेतला आणि तो काढून घेता यावा म्हणून आदल्या दिवशी स्वतः राबलो. जे घडले ते मला ठाऊक आहे, वक्त्यांना नाही.

मी लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातला. उस्तादांचे वडील निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर सरकारी मोटारींना रंग देत, आणि हातातली कला त्यांनी मुलाला दिली. त्या हाताखाली मी नऊ वर्षे काढली. पुढे शेड मी घेतली, पाटीवर माझे नाव लागले, आणि उस्ताद मला ‘मालक’ म्हणू लागले. त्या शब्दात आदर किती आणि टोमणा किती, हे ते गिऱ्हाइकासमोर सांगून टाकत. ‘‘मालक की जबान अच्छी है साब. हात जरा कच्चा है. गाडी मेरे पास छोडो.’’ गिऱ्हाईक हसायचे, मीही हसायचो. हे वाक्य मी वीस वर्षे ऐकले, आणि त्यातले दुखणे हे की ते खरे होते.

आमच्याकडे सर्वाधिक गाड्या येत त्या पाण्याच्या डागांच्या. या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला ठरल्या दिवशी येते, आणि त्या पाण्याने गाडी धुणाऱ्याकडे सगळी गल्ली बघते. म्हणून गाडी बोअरच्या पाण्याने धुवायची, उन्हात सोडायची आणि चहाला आत जायचे, ही इथली रीत. थेंब वाळतो, क्षार मागे राहतो, आणि रंगावर पांढऱ्या कड्या उमटतात. मग गृहस्थ न्हाणीघरातल्या फरशीवर जे करतो तेच गाडीवर करतो: ॲसिड ओततो, किंवा घासणीने घासतो. त्यानंतर आमच्याकडे येतो आणि सांगतो की, कंपनीचा रंगच हलका आहे.

उस्ताद घाई करत नसत. गाडी सावलीत उभी करायची, आणि पत्रा हाताच्या पालथ्या बाजूला गार लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. धूळ आधी भरपूर पाण्याने काढायची. मग निम्म्या पाण्यात निम्मा पांढरा सिरका, म्हणजे व्हिनेगर, त्यात भिजवलेले मऊ फडके डागावर नुसते ठेवायचे, दाबायचे नाही. क्षार सुटला की उचलायचे, आणि सिरका वाळण्याआधी धुवून टाकायचा. शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते, कारण त्यात क्षार नसतो. एवढ्याने भागले नाही तरच बारीक पॉलिश, तेही हाताने. ‘‘डाग उठाव, रंग को मत छेड,’’ असे म्हणून ते माझ्या मनगटावर फडके मारत.

पण डाग दोन जातींचे असतात, आणि पुढचे सारे या फरकावर उभे आहे. एक डाग रंगावर बसलेला असतो. तो बोटाला खरखरीत लागतो. दुसऱ्यात क्षाराने रंगावरचा पारदर्शक थर खाल्लेला असतो. क्षार निघून गेला तरी कडी राहते, पण इतकी उथळ की बोटाला पत्रा काचेसारखा लागतो. ती फक्त डोळ्याला दिसते, आणि काळ्या रंगावर तर लांबूनही.

एका वर्षी दिवाळीनंतर माझ्या लक्षात येऊ लागले की, उस्ताद बाटल्या हुंगतात. सिरका कोणता आणि थिनर कोणता, हे त्यांना पूर्वी बाटलीकडे नुसते पाहून कळे. गिऱ्हाइकाला ते गमतीने विचारत, ‘‘तुमच्या बेगमना हा रंग काय वाटतो, साब?’’ आणि उत्तर आले की तोच रंग पुढे बोलत. साखरेच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीत बोट घालून ते बॉनेटवरून फिरवू लागले. त्या पिशवीतून कणही मोठा लागतो, ही जुनी युक्ती. पण आता ते फक्त तेवढेच करत. एक-एक डाग बोटाने शोधून ते मला दाखवत, आणि बघणारे थक्क होत. शेजारचा स्पेअर पार्टवाला म्हणायचा, ‘‘उस्तादांला डोळे कशाला पाहिजेत, बोटालाच दिसतंय त्यांच्या.’’ उस्ताद खुशीत मान डोलवत. त्यांच्यापाशी एवढेच उरले होते: आपल्यासारखा हात या शहरात नाही, हे लोकांनी म्हणणे. तेही गेले असते तर उस्ताद नुसते एक म्हातारे रंगारी उरले असते.

म्हणजे ‘ध्यानात येताच’ हे दुसऱ्या वक्त्याचे शब्द खोटे आहेत. माझ्या ध्यानात येऊन सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत मी सिरका नेहमी उजवीकडे आणि थिनर डावीकडे ठेवत आलो, म्हणजे त्यांची चूक होऊ नये. ही दया होती असे कोणी म्हणू नये. उस्ताद उघडे कधी पडावेत हे मला ठरवायचे होते. त्यांच्या घरी सांगणे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे, हे दोन्ही मला सुचले होते. मी केले नाही.

उन्हाळ्यात वकिलाची काळी गाडी आली. ती दोन महिने त्याच्या बंगल्यातल्या हिरवळीशेजारी उभी होती, आणि हिरवळीवर बोअरच्या पाण्याचे तुषार रोज सकाळ-संध्याकाळ उडत होते. बॉनेट देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखे झाले होते. वकील म्हणाला, ‘‘उस्तादांनीच करायची बरं का. तुम्ही नाही.’’ त्याने हे सहज म्हटले. मला आजही ते त्याच्या आवाजात ऐकू येते.

दुसरा दिवस शुक्रवारचा. उस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले की जेवून चारच्या सुमारास परतत. तेवढ्या वेळात मी गाडी पार सावलीत घेतली आणि बॉनेट, टप, चारही दरवाजे सिरक्याने स्वच्छ केले. आयुष्यात इतके नेटके काम मी केले नव्हते. वर बसलेला क्षार एकूण एक उचलला, आणि आतल्या कड्या तशाच ठेवल्या. नुसत्या बोटाने, पिशवीतल्या बोटाने, दोन्हीने तपासले. पत्रा काचेसारखा लागत होता, आणि डोळ्याला किळस येईल इतका डागाळलेला होता. उस्ताद आले तेव्हा गाडीवर कापड होते. मी त्यांना सांगितले की, कामाला उद्या हात घालू.

शनिवारी सकाळी मी गाडी उन्हात काढली आणि वकिलाला बोलावून घेतले. त्याच्याबरोबर त्याचा ड्रायव्हर आला. शेजारचा स्पेअर पार्टवाला होता, आणि पैठण रस्त्यावरचा एक ट्रकवाला आपल्या जीपची वाट पाहत बसला होता. हे चौघे मला पुरेसे होते.

‘‘झाली का?’’ वकिलाने विचारले.

‘‘मी केली आहे,’’ मी म्हणालो. ‘‘पण उस्तादांनी पास केल्याशिवाय झाली म्हणणार नाही.’’

उस्ताद हसत पुढे आले. मी त्यांना चौघांदेखत मान दिला, याचे त्यांना बरे वाटले असावे. त्यांनी खिशातून पिशवी काढली आणि तिच्यात बोट घातले. ‘‘वकील साब, तुमची गाडी बी तुमच्या अशिलासारखी आहे. काय काय केलंय ते वरनं सांगत नाही.’’ सगळे हसले. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवले, मग टपावरून, मग डाव्या दरवाजांवरून. घाई केली नाही. मी त्यांना अडवू शकलो असतो. त्यांचे बोट टपावर असताना मला तेवढा वेळ होता.

‘‘साफ,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘काच है, काच. मालकांनी पहिल्यांदा काम केलंय. घेऊन जा.’’

वकिलाने बॉनेटकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. ‘‘उस्ताद, चेष्टा करता का माझी? हे समोर काय आहे?’’

‘‘कुठं?’’

हा एक शब्द ऐकण्यासाठी मी शुक्रवारची दुपार खर्च केली होती. मी म्हणालो, ‘‘इथं, उस्ताद. आणि इथं. टपावर तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. तुम्हाला दिसत नाहीत?’’

स्पेअर पार्टवाला खाली पाहू लागला. ट्रकवाला मात्र उठून जवळ आला, उस्तादांच्या चेहऱ्यासमोर त्याने हात हलवला आणि पापणी लवली नाही तसा हसला. ‘‘आयला, ह्यांला तर काहीच दिसत नाय. आन् माझी जीप ह्यांच्याकडंच दिली व्हय तुम्ही?’’

‘‘आता माझ्याकडे आहे,’’ मी म्हणालो.

उस्तादांनी गाडी सोडली नव्हती. त्यांचे बोट काचेखालच्या खाचेत गेले होते, वायपर जिथून निघतात तिथे, आणि तिथे ते थांबले. त्यांनी पिशवी काढली, बोट नाकाशी नेले. मग माझा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड करून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, ‘‘सिरका कालचा आहे. कोपरा तू अजून बी सोडतोस.’’

त्यांना सगळे कळले होते: मी जुम्म्याची वेळ साधली, डाग निवडून ठेवले, चौघांना जमवले. चौघांना हे सांगायला एक वाक्य पुरले असते. उस्ताद वकिलाकडे वळले आणि म्हणाले, ‘‘माझी चूक झाली, साहेब. नजर आता साथ देत नाही. मालकांना माहीत नव्हतं.’’

नंतर त्यांनी नळावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, जसे ते रोज काम संपल्यावर धूत, आणि निघाले. इतके महिने ते शेडच्या दारापर्यंत मोकळ्या हातांनी चालत. त्या दिवशी प्रथमच त्यांनी भिंत धरली. मी दाराशी गेलो नाही. माझी पत्नी लोकांना सांगते की, त्या दिवशी मला अन्न गेले नाही. तिचे चुकते. भरीत होते आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

वकिलाच्या गाडीवर मी पुढे चार दिवस पॉलिश केले. बऱ्याच कड्या निघाल्या. बॉनेटवरच्या काही राहिल्या, आणि त्या निघणाऱ्या नाहीत असे मी वकिलाला सांगितले. ते खरे होते की नाही हे सांगू शकेल असा माणूस शहरात एकच होता, आणि त्याला विचारण्याची सोय मी ठेवली नव्हती. पुढे काही वर्षांनी उस्ताद वारले. मी मय्यतीला गेलो. मागे उभा राहिलो.

सत्कारानंतर आठ दिवसांनी मी त्यांच्या मुलाकडे गेलो. तो आता फर्निचरचे काम करतो. त्याने खुर्ची पुसून दिली, आतून सरबत मागवले.

‘‘तू टाळ्या कशासाठी वाजवल्यास?’’ मी विचारले.

‘‘म्हणजे काय, चाचा? खरंच आहे ते. अब्बा घरी येऊन म्हणाले होते, मालकाच्या ध्यानात आलं, त्यानं इज्जतीनं रजा दिली. तुमच्यामुळं तर आम्हाला त्यांच्या डोळ्यांचं कळलं. त्याच हप्त्यात नेलं दवाखान्यात.’’

‘‘डॉक्टर काय म्हणाले?’’

‘‘काचबिंदू. म्हणाले, सहा महिने आधी आणलं असतं तर जेवढं दिसत होतं तेवढं तरी राखलं असतं. आता नसीब. कुणाला ठाऊक होतं?’’

‘‘मला,’’ मी म्हणालो. ‘‘दिवाळीपासून.’’

मग मी त्याला सगळे सांगितले: बाटल्या, शुक्रवारची दुपार, चौघे, आणि ‘कुठं?’ हा शब्द. त्याने मध्येच थांबवले नाही. सांगताना मला हलके वाटत आहे का हे मी तपासत होतो, वाटत नव्हते. वाटत होते ते एवढेच की, उस्तादांनी घरी खोटे बोलून मला जे दिले होते ते मी परत करत आहे, आणि ते ठेवून घेण्याइतका मी अजून मोडलेलो नाही.

माझे सांगून झाले तसा त्याने माझ्यापुढचा सरबताचा पेला उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत येऊन तो उभाच राहिला.

‘‘अब्बांनी ते तुमच्यासाठी नव्हतं सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘अम्मीसाठी सांगितलं. नवऱ्याला चार लोकांत हसले, हे तिला कळू नये म्हणून. तिला यातलं काही सांगायचं नाही. ती अजून दुवेत तुमचं नाव घेते.’’

त्याला माझा शब्द हवा होता. मी दिला नाही. त्याची आई उर्दू वाचते, मराठी वाचत नाही. मी हे मराठीत लिहिले आहे, आणि याहून जास्त काही कोणासाठी करणार नाही.