फवारणी शून्य

माझी थोरली बहीण शेतोशेत फिरून किडी मोजते. पानं उलटून अळ्या मोजायच्या, त्यांना खाणारे मित्रकिडे मोजायचे आणि अळ्या ठरल्या मर्यादेपलीकडे गेल्या तरच औषध मारायला सांगायचं. नाहीतर थांबायचं. वर्षाला चाळीस शेतांतली फवारणी कमी करायची, हे तिच्या ऑफिसचं उद्दिष्ट. लोक तिला 'थांबाताई' म्हणतात. मला हसू यायचं, कारण घरी बाईसाहेबांना चहा उकळेपर्यंतही दम निघत नाही.

तीन वर्षांपूर्वी ती एका काकूंच्या कोबीत गेली. दिवसभरातलं ते नववं शेत, ऊन मी म्हणत होतं. तिने बांधालगतच्या दोन ओळी पाहिल्या, आत शिरलीच नाही आणि थांबा म्हणाली. आठवड्यात कोबीची चाळण झाली. काकूंनी उभं पीक नांगरलं. औषध मारायला काही उरलंच नाही, म्हणून वर्षअखेरच्या तक्त्यात त्या शेतापुढे 'फवारणी शून्य' लागलं, उद्दिष्ट पुरं झालं आणि ताईचा सत्कार झाला. काकू टाळ्या वाजवायला आल्या होत्या. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला तर त्या टाळ्यांची अजून चीड येते. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ताईला कुरतडल्याचा आवाज येतो. जेवताना येतो, बसमध्ये येतो. बाजारातून आणलेला कोबी ती पान पान सोडवून बघते आणि आत काही सापडलं नाही की जास्तच घाबरते. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

यंदा काकूंनी पुन्हा कोबी लावला आणि तिलाच बोलावलं. मी सोबतीला गेले. ताईने ओळ न् ओळ पाहिली, तीन तास. अळ्या मर्यादेच्या निम्म्याही नव्हत्या, मित्रकिडे मात्र पानोपानी. थांबा म्हणायचं, बास. काकू बांधावर वाट बघत होत्या. शेवटी दोन्ही कानांवर हात दाबून ताई म्हणाली, "मारा."

काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पंप पाठीला लावला आणि औषध मारलं.

दुसऱ्या दिवशी बांधालगत मित्रकिडे उताणे पडले होते. ताई ते ओंजळीत वेचत होती. काकू तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"काल सकाळी मीही मोजलं होतं," त्या म्हणाल्या. "थांबायचंच ठरवलं होतं मी."

"मग मारलंत कशाला?"

"तुझं तोंड बघवेना, पोरी."