एकशेसाठ की एकशेऐंशी

लालबागच्या आमच्या खोलीत तेव्हा दोनच वाद चालायचे. मुंबई कुणाची, आणि गाडीला थर्मोस्टॅट किती डिग्रीचा. पहिल्यात सगळ्यांचं एकमत, तरी घसा बसेस्तोवर भांडायचे! दुसऱ्यात मात्र आमचा संसार अडकला होता.

आमच्या ह्यांनी गिरणी सोडली, गावची आंब्याची कलमं विकली आणि जुना ट्रक घेतला. शिवडीच्या वखारीतून कापसाच्या गाठी गिरण्यांत टाकायच्या, भाडं मिळालं तर घाट चढून नाशकाला जायचं. घाटात इंजिन उकळायचं. इंजिन बसलं की परत गिरणीचं तोंड बघायचं, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे लिंबाएवढी पितळेची झडप. इंजिन ठरावीक तापलं की ती उघडते आणि पाणी निवायला रेडिएटरमध्ये जातं. परळच्या मिस्त्रीनं एकशेऐंशीची बसवली होती. "ओझ्याच्या गाडीचं इंजिन गरमच पाहिजे, भाऊ. थंड राहिलं तर तेलाचा चिखल होतो," तो म्हणायचा.

"घाटात वाफ तू खाणार काय रे?" हे कडाडले. "एकशेसाठची घाल. लवकर उघडेल."

एकशेसाठची घातली. आठ दिवस बरे गेले, परत वाफ. मग नाक्यावरच्या ड्रायव्हरांनी अक्कल शिकवली: मुंबईत कुठली आलीय थंडी, झडप काढूनच टाका! काढली. तरी वाफ. मेलं ते इंजिन नव्हतंच, माझी सवत होती.

रोज सकाळी रेडिएटर भरायचं काम माझं. चाळीचा नळ तासभर यायचा, ते पाणी पिण्या-रांधण्याला. आंघोळीला, धुण्याला आणि गाडीला चाळीमागच्या विहिरीचं. खारट होतं, पण इंजिनाला कुठे चव कळतेय? नळाचं पाणी वाचवते म्हणून मला स्वतःचं कौतुकच वाटायचं. हे बॉनेट उघडून उभे असायचे. "सांडू नको गं," म्हणायचे.

एकदा शिवाजी पार्कच्या सभेला अख्खी चाळ निघाली. घरची गाडी असताना लोकांनी चालत का जावं, म्हणून ह्यांनी सगळ्यांना ट्रकमध्ये घेतलं. मीही बसले. पुढे मोर्चा, त्यामागे पहिल्या गिअरात मुंगीच्या पावलानं आम्ही. हिंदमातापाशी इंजिनात खाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली. लोक उतरले, घोषणा देत पुढे गेले. आम्ही दोघं तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं इंजिन खोललं. हेडला तडा, ब्लॉकलाही तडा. मग त्यानं रेडिएटर उघडून आत बोट फिरवलं. पांढरे कडक पापुद्रे हातात आले.

"झडप कितीचीही घाला, भाऊ. हे पार तुंबलंय, पाणी जाणार कुठून?"

तोच पांढरा थर मी दर महिन्याला आमच्या आंघोळीच्या बंबातून उलथण्यानं खरवडत होते. स्वतःच्या हातानं, दोन वर्षं! आणि रोज सकाळी तेच पाणी नेऊन गाडीत ओतत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"पाणी कुठलं घालत होता?" मिस्त्रीनं विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नळाचं," म्हणाले.

गाडी भंगारात गेली. हे परत गिरणीत लागले आणि कापसाच्या धुळीनं खोकू लागले. महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी चाळभर दिवे लागले. हे दुसऱ्या पाळीला गेले होते. आमच्या दारातली पणती मीच लावली आणि तिच्यापाशी बसून रडले.

"अहो, ते पाणी..." असं मी कितीदा तरी सुरू केलं. हे लगेच चहा मागायचे. एकदा तरी ह्यांनी मला शिव्या घालायच्या होत्या, सुटले असते. नाही घातल्या. फक्त तेव्हापासून बंब मला कधी साफ करू दिला नाही. दर महिन्याला खोकत खोकत स्वतःच खरवडायचे आणि निघालेला पांढरा चुरा कागदात बांधून, मला दिसू नये म्हणून, पार रस्त्यापलीकडे टाकून यायचे.